निशाचं टोपडं

मुक्ताबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी आडवी होते, कानांत कापूस होता आणि कुणी साधं पाणी हवं का विचारलं तरी मला रडू येत होतं. आमोद चार दिवसांचा होता. सासूबाईंनी 'वारज्याची बाई आहे, हाताला गुण आहे' असं म्हणून त्यांना बोलावलं होतं. बाई आत आल्या, मोरीत जाऊन पाय धुतले आणि माझ्याकडे ढुंकूनही न बघता शेगडीपाशी बसल्या. निखाऱ्यांवर ओवा, वावडिंग, बाळंतशेपा आणि चिमूटभर धूप टाकला. त्या धुरावर स्वतःचे दोन्ही तळवे उलटसुलट धरले. मग ते नाकाशी नेऊन हुंगले आणि मग माझं पोर उचललं.

"हात कशाला शेकता?" मी विचारलं. मी गणिताची शिक्षिका. कारण कळल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

"त्याला अजून डोळ्यानं दिसत न्हाई, वहिनी. कोण आलंय ते वासानं कळतं. रोज त्योच वास आला म्हंजी पोर भीत न्हाई."

"आणि माझ्या वासाचं काय?"

त्या हसल्या. "तुमचा हायच की."

नव्हता. आमोद माझ्याजवळ घेतला की ताठ व्हायचा, तोंड फिरवायचा आणि निळा होईपर्यंत रडायचा. मुक्ताबाई त्याला पायांवर घेऊन तेल लावायला लागल्या की गप्प. टाळू भरताना डोळे मिटायचा. एकदा तर मी हरून गेले, तेव्हा त्यांनी आपल्या लुगड्याचा पदर माझ्या खांद्यावर टाकला आणि पोराला माझ्या छातीशी धरलं. तो लगेच प्यायला लागला. सासूबाई म्हणाल्या, "बघा, काय गंमत!" गंमत मला नाही दिसली. माझं दूध प्यायला माझ्या मुलाला दुसऱ्या बाईचा पदर लागत होता, आणि ती बाई माझ्यासमोर उकिडवी बसून कौतुकाने बघत होती. हे मी त्यांना कधीच माफ केलं नाही. त्यांच्यासाठी कान तुटलेला एक कप मी वेगळा ठेवला. त्या चाळीस दिवसांत त्याच कपातून चहा प्यायल्या आणि पुढे तीस-पस्तीस वर्षं जेव्हा जेव्हा आल्या तेव्हा त्याच कपातून. त्यांनी कधी काही म्हटलं नाही. त्या म्हणत नसत म्हणून मला आणखी राग येई.

त्यांची सगळी हकिकत मला तुकड्यातुकड्यांनी कळली. त्या मूळच्या वारज्याच्याच, दिल्याही वारज्यातच. तेव्हा वारजे गाव होतं, ज्वारी होती, म्हशी होत्या. पहिली मुलगी झाली नागपंचमीला. तिचं नाव निशा ठेवलं, मामाने हौसेने ठेवलेलं शहरी नाव. अडीच महिन्यांची असताना तिला ताप आला. सासरा म्हणाला, आज बाजाराचा दिवस, बैलगाडी रिकामी नाही, उद्या नेऊ. उद्या न्यायला काही उरलं नाही. मुलीला पुरून आले आणि सासूने तिचे कपडे ओढ्याला नेऊन सोडले. एक टोपडं तेवढं मुक्ताबाईंनी चोळीत लपवलं. खणाचं, आतून जुन्या लुगड्याचं अस्तर, हाताने शिवलेलं. ते त्यांनी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवलं आणि झाकणाच्या कडेला मेण लावलं.

त्यानंतर त्या घराबाहेर पडल्या. ज्या हातांना मूल उरलं नव्हतं ते दुसऱ्यांच्या मुलांना लावायला लागल्या. पीएमटीने नारायण पेठेत यायचं, सकाळी तीन घरं करायची, दुपारी परत जायचं. पुढे संभाजी झाला, तो जगला, तो मोठा झाला. गावात इमारती उठल्या, जमिनीच्या तुकड्यावर संभाजीने तीन मजले चढवले, खाली गाडी आली. आईने दुसऱ्यांच्या बाळंतिणी धुवाव्यात याची त्याला लाज वाटायला लागली. त्या ऐकत नसत. मग डॉक्टरांनी धुरीला बंदी केली, घरोघरच्या सुनांनी शेगडीला बंदी केली, आणि कामं आपोआप कमी झाली.

डबा त्या वर्षातून एकदा उघडायच्या. नागपंचमीला, दार लावून. एकच श्वास घ्यायच्या आणि मेण लावून पुन्हा बंद. "दोन घेतले तर लवकर सरंल," असं त्यांनी मला एकदा सांगितलं होतं. मी तेव्हा म्हणाले, "मुक्ताबाई, वास म्हणजे काय साखर आहे का, डब्यातली संपायला?" त्या म्हणाल्या, "सरतो, वहिनी. दर साली थोडा कमी असतो. मी जाईस्तवर पुरंल."

आणि मग करोनात त्यांचं नाक गेलं. पंधरा दिवस ताप, खोकला, आणि उठल्या तेव्हा त्यांना कसलाच वास येईना. लसणाचा नाही, फिनेलचा नाही. डॉक्टरांनी सांगितलं, रोज सकाळ-संध्याकाळ लवंग हुंगा, लिंबू हुंगा, येईल हळूहळू. त्या इमानाने हुंगत बसायच्या. तीन नागपंचम्या गेल्या, पण डबा उघडला नाही. वास घेता येत नाही तर उगाच हवा कशाला लावायची? नाक आलं की पहिला श्वास तिचा, असं त्यांनी ठरवलं होतं. मला सांगताना त्यांचा चेहरा एवढा उजळला होता की मी चहाची भांडी आवरायला उठले.

आता माझ्या चिरंजिवांबद्दल. आमोद रसायनशास्त्र शिकला, साबणांना आणि उदबत्त्यांना वास देणाऱ्या एका कंपनीत दहा वर्षं चांगल्या पगारावर होता, आणि एके दिवशी नोकरी सोडून कलाकार झाला. वासाचा कलाकार. चित्रं काढत नाही, मूर्ती करत नाही, वास करतो. लोकांना विचारलं मुलगा काय करतो, तर मी सांगायची, "हुंगतो." त्याची बायको स्पृहा यावर हसायची. ती आयटीतली, तिला सगळंच 'सो क्यूट' वाटतं.

त्याने प्रदर्शन करायचं ठरवलं: 'पहिले चाळीस दिवस'. एक अंधारी खोली, तिच्यात दुपटी टांगलेली, मध्ये मातीची मडकी, आणि प्रत्येक मडक्यात बाळंतिणीच्या खोलीतला एकेक वास. कोमट तेल. ओली दुपटी. घंगाळातलं पाणी. आणि शेवटच्या मडक्यात धुरी दिलेल्या हातांचा वास. पहिले सगळे त्याने बनवले. शेवटचा जमेना. ओवा तोच, वावडिंग तेच, धूपही तोच. मुक्ताबाईंनी स्वतः येऊन निखाऱ्यांवर टाकून दाखवलं. आमोद कागदाच्या पट्ट्या हुंगत म्हणायचा, "जवळ आलंय, पण हे नाही." आणि मुक्ताबाई सांगू शकत नव्हत्या, कारण त्यांना वास येत नव्हता. जिच्या हाताचा वास, तिलाच तो कळत नाही. दोघं समोरासमोर बसायची, हताश.

तेव्हा त्यांनी डबा आणला.

आमोद बाहेर गेला होता. दार मी उघडलं. त्यांनी डबा दोन्ही हातांनी माझ्या हातात दिला. "आमोददादाला द्या. त्याला एकदा खरा वास कळला म्हंजी करंल त्यो बरोबर. पण वहिनी, ह्याला पाणी लावू नका. उन्हात ठिवू नका. माझं नाक येईल आता. काल लवंगीचा जरासा आला."

"मी कशाला पाणी लावतेय?" मी म्हणाले.

आमोदने त्या टोपड्याची काळजी घेतली हे मला मान्य आहे. हातमोजे घालून बाहेर काढलं, घंटेसारख्या काचेच्या झाकणाखाली ठेवलं, बारीक नळीने आतली हवा ओढून घेतली आणि तीन आठवडे कंपनीतल्या मित्राच्या यंत्रावर तपासत बसला. शेवटी जमलं. मला म्हणाला, "आई, ह्या वासात दोन थर आहेत. एक मुक्ताबाईंच्या हाताचा, धुराचा. तो मी केला. दुसरा त्या बाळाचा, आंबूस दुधाचा, टाळूचा. तो मी मुद्दाम केला नाही. तो त्यांचा आहे. तो जगात फक्त ह्या डब्यात राहू दे."

म्हणजे मला सगळं माहीत होतं. आजकाल माणसं 'मला कल्पना नव्हती' असं फार पटकन म्हणतात. मला कल्पना होती.

प्रदर्शनाला गर्दी झाली. म्हातारे पुरुष मडक्यावर वाकायचे आणि रुमाल काढायचे. एक निवृत्त बँक मॅनेजर भिंतीला टेकून हुंदके देत होते, आणि त्यांची बायको त्यांना 'लोक बघतायत' म्हणत होती. मुक्ताबाई नवं पातळ नेसून आल्या होत्या. त्या प्रत्येक मडक्यावर वाकल्या आणि काहीच न कळल्यामुळे सगळ्यांकडे बघून हसत राहिल्या. मग एका वर्तमानपत्राच्या मुलीने आमोदला विचारलं, "तुमची स्वतःची पहिली आठवण कोणती?"

तो म्हणाला, "चेहरा नाही आठवत. आईही नाही. ह्या शेवटच्या मडक्यातले हात आठवतात. मला जगात सुरक्षित वाटलं ते ह्या हातांत." आणि त्याने मुक्ताबाईंना पुढे ओढलं. टाळ्या वाजल्या. फोटो निघाले. मी दुसऱ्या रांगेत उभी होते, माझ्या हातात त्यांची पिशवी होती. 'जरा धरता का वहिनी' म्हणून त्यांनीच दिली होती.

घरी आल्यावर यजमान म्हणाले, "छान बोलला, नाही?" श्रीनिवासांना आयुष्यात वेळेवर गप्प बसणं जमलेलं नाही.

आठ दिवसांनी आमोद प्रदर्शन घेऊन कोचीला निघाला. जाताना डबा माझ्या टेबलावर ठेवून म्हणाला, "मुक्ताबाई न्यायला येतील. उघडू नकोस हं."

मी उघडला. दुपारची वेळ होती, घरात कुणी नव्हतं. टोपडं एवढंसं होतं, मुठीत मावेल. मी ते नाकाशी धरलं. धूर, ओवा, आणि त्याखाली काहीतरी आंबट, उबदार. आणि मी पुन्हा त्या मागच्या खोलीत होते. कानांत कापूस, छाती दगडासारखी, आणि माझं मूल दुसऱ्या बाईच्या पायांवर शांत. लोक त्या वासाने रडले, लहान झाले. मला त्या वासात फक्त एवढंच दिसलं की मी नको होते. चौतीस वर्षांनी पुन्हा, अगदी ताजं.

आमच्या घरची एक रीत आहे. माझ्या सासूबाईंची आणि त्यांच्याही सासूबाईंची. दुसऱ्याचं भांडं घासून द्यायचं आणि दुसऱ्याचा कपडा धुऊन द्यायचा. मळका कपडा परत केला तर घराण्याची शोभा होते. मी हे मोठ्याने म्हणाले, रिकाम्या घरात. मग रिठे भिजत घातले. साबण नाही वापरला. साबणाचा वास राहतो. ह्यावरून मी किती विचार करून केलं ते कळेल. टोपडं पाण्यात बुडवलं तेव्हा पाणी चहासारखं झालं. तीन पाणी बदलली. चौथं स्वच्छ निघालं. चहाच्या रंगाचं ते पाणी मी मोरीत ओतलं. टोपडं गॅलरीत उन्हात वाळवलं, हलकी इस्त्री केली, डब्यात ठेवलं आणि झाकणाला देवघरातल्या मेणबत्तीचं मेण लावलं.

दोन दिवसांनी मुक्ताबाई आल्या, डबा छातीशी धरून घेऊन गेल्या. कान तुटलेल्या कपातून चहाही पिऊन गेल्या.

श्रावणात, नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी, त्या परत आल्या. खुर्चीत बसल्या नाहीत, खाली फरशीवर बसल्या.

"नाक आलं, वहिनी."

"बरं झालं."

"पयला चहाचा वास आला. मग लसणाचा. काल समद्याचा यायला लागला, गटाराचाबी. मग मी दार लावून डबा उघडला. तिचा येत न्हाई. समद्याचा येतो, एकट्या तिचाच न्हाई."

मी गॅस बारीक करायला उठले. माझी पाठ त्यांच्याकडे होती. "वय झालंय मुक्ताबाई. नाक म्हणजे काही नळ नाही, सोडला की धो धो यायला."

"न्हाई वहिनी. ती रुसलीय. चाळीस वरसं मी दुसऱ्याची पोरं मांडीवर घेतली. तवा ती गप ऱ्हायली. पण आता मी तिलाच उचलून परक्याच्या घरी दिली, चार लोकांनी हुंगायला. म्हणून गेली."

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी उभी होते, दूध वर येत होतं, आणि मी ते वाक्य म्हटलं नाही. खरं सांगते, त्या क्षणी मला बरं वाटलं. एकदा तरी एक मूल त्यांच्याकडे पाठ फिरवून झोपलं होतं.

त्यानंतर त्या दर महिन्याला येत राहिल्या. दर वेळी तेच सांगायच्या: रोज रात्री उशाशी डबा ठेवते, तिला सांगते, चूक झाली, पदरात घे. संभाजीने त्यांना मानसोपचारवाल्याकडे नेलं, त्याने गोळ्या दिल्या. त्यांचं जेवण तुटलं. खांद्याची हाडं दिसायला लागली. मी त्यांना खजूर दिले, च्यवनप्राश दिला. जे द्यायचं होतं ते सोडून सगळं दिलं.

माघात स्पृहाला मुलगी झाली. बारसं घरीच केलं, गच्चीवर मांडव, पन्नास-साठ माणसं. मुक्ताबाई आल्या त्या अर्ध्या झालेल्या होत्या. पाळण्याशी बायका गोळा झाल्या, कुणी साखळी देत होतं, कुणी वाळे. मुक्ताबाईंनी पिशवीतून तो डबा काढला. झाकणाला मेण नव्हतं.

"हे तुमच्या लेकीला," त्या स्पृहाला म्हणाल्या. "माझ्या निशाचं हाय. मेलेल्या पोराचं म्हणून मनात आणू नका. आता ह्यात कायबी न्हाई, ती गेली ह्यातनं. नुसतं कापड ऱ्हायलंय. हातानं शिवलंय, मऊ हाय. कुणाच्या तरी डोक्याला ऊब यील."

मी म्हणणार होते की असलं काही बाळाला घालू नका. स्पृहाने ते घेऊन मुलीच्या डोक्याला बांधूनसुद्धा टाकलं. अगदी मापाचं बसलं. आमोद पाळण्यावर वाकला. त्याला सवयच आहे, दिसेल ते हुंगायची. त्याने मुलीच्या टाळूवर नाक टेकवलं आणि तसाच राहिला. मग टोपड्याची कड उलटी करून अस्तर हुंगलं. पुन्हा हुंगलं. सरळ झाला आणि माझ्याकडे बघायला लागला.

"आई, हे धुतलंयस?"

यजमान कुणाला तरी पेढे देत होते, ते वळून बघायला लागले.

"आपल्याकडे दुसऱ्याचा कपडा न धुता परत देत नाहीत," मी म्हणाले.

"आई. रिठ्याने?"

त्याला कळलं. दुसरं कुणाला कळलं नसतं. माझ्या पोटच्या पोराचं नाक, ते बरोबर ओळखणारच. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही आणि इथेही सांगणार नाही.

मुक्ताबाई माझ्याकडे बघत होत्या. मी वाट बघत होते. त्यांनी शिव्या द्याव्यात, झिंज्या धराव्यात, पन्नास माणसांसमोर माझी लाज काढावी. माझं उत्तर तयार होतं. चौतीस वर्षं तयार होतं.

"धुतलं व्हय?" त्या म्हणाल्या.

आणि त्या हसल्या. आधी नुसत्या ओठांनी, मग सगळ्या अंगाने, डोळ्यांतून पाणी गळत असताना. पाळण्याचा कठडा धरून त्या खाली बसल्या.

"म्हंजी रुसली न्हाई ती! वहिनी, म्हंजी माझी पोर रुसली न्हाई! नुसतं पाण्यानं गेलं!" त्यांनी माझे दोन्ही हात धरले, तेच हात, आणि आपल्या कपाळाला लावले. "आधी सांगायचं न्हाई का, बाई? सा म्हैनं मी तिच्या पाया पडत हुते."

मी हात सोडवून घ्यायला गेले. त्यांनी सोडले नाहीत.

मुलगी जागी झाली आणि रडायला लागली. स्पृहाने घेतली, थांबेना. मी घेतली, ताठ झाली, तोंड फिरवलं. आमोदने माझ्या हातांतून तिला काढून मुक्ताबाईंच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी पदराने डोळे पुसले, तळवे एकमेकांवर घासून गरम केले, सवयीने एकदा हुंगले आणि तिच्या पोटावर ठेवले.

ती गप्प झाली. मी स्वयंपाकघरात गेले आणि त्यांच्यासाठी चहा टाकला. कपाटात सहा चांगले कप होते. मी बराच वेळ त्या कपांसमोर उभी राहिले, कारण त्यांतला कुठलाही मुक्ताबाईंना द्यायचा तर काय तोंडाने द्यायचा ते मला कळत नव्हतं. शेवटी चहा स्पृहाने नेऊन दिला.